आप्पा मजेत आहेत

दिवाळीचा पाडवा झाला की आमच्या घरात गुळाचा वास येतो. हा वास वाऱ्यावरून येतो असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मंगळवार पेठेत गुऱ्हाळ नाही. वास येतो तो आमच्याच खालच्या खोलीतून. तिथं फळीवर नव्या हंगामाचे नमुन्याचे रवे, म्हणजे गुळाच्या लहान ढेपा, मांडून ठेवलेले असतात. आमची गुळाची अडत आहे. वडिलांनी ती सुरू केली, थोरल्या भावानं म्हणजे अण्णानं वाढवली, आणि तिचे आकडे मी सांभाळतो.

यंदा पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. अण्णाचा मुलगा कुणाल शिकायला इंग्लंडला गेला आहे. कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा दिसतो, आवाज येतो आणि पैसे पडत नाहीत. वहिनी करंज्यांचं ताट कॅमेऱ्यासमोर धरून उभी होती. "ही बघ तुझ्या वाटणीची. बघून घे, मग काका खाणार हाईत." तो तिकडून तोंड उघडून दाखवत होता. असा खेळ चालला होता. मग आईची पाळी आली. आई आता ऐंशीला टेकली आहे. तिनं पदर नीट केला आणि कॉम्प्युटरच्या अगदी जवळ गेली.

"जेवलास?"

"जेवलो की आजी."

"बरा हाईस?"

"मजेत आहे."

आई आणखी वाकली. "खरं सांग. बरा हाईस न्हवं?"

तो हसला, इकडचे सगळे हसले. आई प्रत्येक वेळी असं दोनदा विचारते. म्हातारपणाची सवय म्हणून कुणी मनावर घेत नाही. मी आणि अण्णा मात्र त्या वेळी हसत नाही. माझीही एक सवय आहे. असं बोलणं लांबलं की माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप वर जातं. बायको म्हणते, "हात खाली घ्या, पैसे पडत नाहीत." मी हात खाली घेतो. आईची सवय आणि माझी सवय, दोन्ही एकाच हंगामातल्या आहेत.

तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मार्केट यार्डात सकाळी सौदे निघायचे. थंडीतला यार्ड ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. फरशी गुळानं अशी माखलेली असायची की पाऊल उचललं तरी चप्पल मागंच राहायची. हमालांच्या डोक्यावरचं बारदान उसाच्या मळीनं काळं झालेलं. मधमाश्या इतक्या, की त्यांना हाकलायचंही कुणी मनात आणत नसे. त्या आपल्या ढेपांवर फिरायच्या आणि आम्ही त्यांच्यातून बोटानं गूळ टोकरून चाखायचो. गूळ चाखून चाखून दुपारपर्यंत जेवणाची इच्छा जायची. हे सगळं मला आवडायचं. आजही आवडतं. त्या हंगामाची आठवण काढताना आधी मी हाच भाग काढतो, कारण तो सोपा आहे.

दुपारी फोन असायचा.

आमचा थोडा माल विलायतेला जाई. तिथं कांतीशेठ नावाचे एक गुजराती व्यापारी होते, आफ्रिकेतून तिकडं जाऊन स्थायिक झालेले. आपल्या लोकांच्या दुकानांना ते गूळ, पापड, डाळी पुरवायचे. आमच्या गाळ्यात फोन होता, पण त्यावरून परदेश लागत नव्हता. त्या सोयीची अनामत वेगळी, आणि ती अण्णाच्या मते घशाखाली उतरणारी नव्हती. म्हणून यार्डाच्या दाराशी पिवळ्या पाटीचं जे बूथ होतं तिथं जावं लागे. एका मिनिटाला एका हमालाची दिवसाची मजुरी जायची. आम्हाला किलोमागं आठ आणे सुटत. म्हणजे एक मिनिट बोलणं झालं की शंभराहून जास्त किलो गुळाचा नफा वायरीतून गेला. हा हिशेब मी तेव्हा तोंडी करायचो आणि अण्णाला ऐकवायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मोठ्या पेढ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी परदेशाची सोय गाळ्यातच करून घेतली होती. एक-दोघांकडं फॅक्स होता. सकाळी सौद्यात भाव उतरला की तिकडची सकाळ कधी होते याची सगळे वाट बघत. आमची दीड-दोन वाजायची वेळ. ज्याचा फोन आधी लागला त्याचा माल. जे आमच्यासारखे मधले होते ते बूथच्या बाहेर बाकावर ओळीनं बसायचे. आत काचेच्या खोलीत एक जण बोलतोय, डोक्यावर टिचभर पंखा, समोर लाल आकड्यांचं मीटर, आणि बाहेर बाकावर त्याच गिऱ्हाईकाला फोन लावायला आलेले दोघे-तिघे. त्यात शेजारच्या गाळ्याचे पोवार हमखास. त्यांचं तोंड कधी बंद नसे.

"काय पावणं, आज लंडन लागतंय का पन्हाळ्यावरच आडकतंय?" ते मला विचारायचे.

"तुम्ही आधी लावा की," मी म्हणायचो.

"नगं बाबा. तुमचा भाव ऐकतो, मग त्येच्यापेक्षा चार आणे कमी सांगतो."

ही थट्टा होती आणि थट्टा नव्हतीही. म्हणून अण्णा काचेत भिंतीकडं तोंड करून बोलायचा. भिंतीकडं तोंड केलं की मीटर दिसायचं नाही. त्यावर आम्ही काढलेला उपाय असा: मी बाहेर काचेला लागून घड्याळ बघत उभा राहायचो. मिनिट झालं की एक बोट वर, दुसरं झालं की दोन. मूठ मिटली की अण्णानं जिथं असेल तिथं वाक्य तोडायचं आणि ठेवायचं. अण्णा मधूनमधून मान वळवून माझ्या हाताकडं बघायचा. आदल्या दिवशी काय बोलायचं ते आम्ही घरी ठरवून ठेवायचो. नमस्कार नाही, पाणीपाऊस नाही. किती पेट्या, काय भाव, कुठली बोट.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, बोलायला बसले की यातलं काही चालायचं नाही. ते आधी शेठच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मग शेठाणीच्या दम्याची. मग तिकडं बर्फ पडला का. मी एक बोट वर करायचो, दोन बोटं वर करायचो, मूठ मिटायचो, मूठ काचेवर आपटायचो. आप्पा माझ्याकडं बघून मान डोलवायचे, जसं काही मी त्यांना नमस्कार करतोय.

"आप्पा, गुडघ्यात शंभर रुपये गेले," अण्णा एकदा बाहेर आल्यावर म्हणाला.

"त्येचं गुडघं धरलं तर माल कोण उचलणार? तू?" आप्पा म्हणाले. बाकावरचे सगळे हसले. पोवार सर्वांत मोठ्यानं.

त्या दोघांची ओळख जुनी होती. शेठ एकदाच कोल्हापूरला आले होते, मी तेव्हा कॉलेजात होतो. आप्पांनी त्यांना गुऱ्हाळावर नेऊन गरम काकवी पाजली आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळा दाखवायला नेलं. वर धुकं होतं आणि वारं हाडात शिरत होतं. आप्पा नेहमीप्रमाणे एका सदऱ्यावर. शेठनं आपल्या गळ्यातला मफलर काढला आणि आप्पांच्या गळ्याला गुंडाळला. आप्पा तो परत देऊ लागले तर शेठ म्हणाले, "रहने दो. हर साल एक भेजूंगा." आणि खरंच पाठवायचे. दरवर्षी हंगामात मुंबईच्या एजंटाकडून कागदपत्रांबरोबर एक पुडकं यायचं, त्यात लोकरीचा मफलर. आप्पा तो घालून सौद्याला जायचे आणि पोवार म्हणायचे, "आलं बघा लंडनचं जावई."

त्या हंगामात, ऐन पौषात, आप्पा गेले. सकाळी सौद्यात छातीत कळ आली, संध्याकाळी दवाखान्यात संपलं. सगळा यार्ड मसणवट्यात आला होता. हमाल आले, अडते आले, गाड्या लावून गुऱ्हाळवाले आले. पोवारांनी तिरडीला खांदा दिला. आमच्याकडं रीत आहे, आपल्या माणसाचं कळलं की, किती का लांब असेना, डोक्यावरून पाणी घ्यायचं. गावाकडच्या लोकांनी बातमी कळल्याबरोबर शेतात मोटारीच्या पाण्याखाली आंघोळी केल्या, असं पुढं कितीतरी दिवस लोक आईला येऊन सांगत होते. ती प्रत्येकाला विचारायची, "कुठं कळलं तुमास्नी? मग?" आणि त्यांनी पाणी घेतल्याचं सांगितलं की तिला बरं वाटायचं. कुणी कुणी घेतलं ते ती मनात धरून होती.

"शेठला कळवा," ती म्हणाली. "त्येला सांगाय पायजे."

दहावा झाला आणि आम्ही बूथवर गेलो. जायला लागणारच होतं. बोटीची तारीख धरायची होती, भाव उतरला होता, आणि ह्या दिवसांत आम्ही फोन करणार नाही असं धरून दुसरे करतील ही भीती होती. दोघांचीही डोकी भादरलेली. अण्णानं टोपी घातली होती. बाकावरच्यांनी आम्हाला बघितलं आणि उठून जागा दिली. पोवार म्हणाले, "आधी तुम्ही लावा." त्यात थट्टा नव्हती.

अण्णा आत गेला. फोन पहिल्याच झटक्यात लागला, पण शेठ फोनवर येईपर्यंत मिनिट होत आलं. काच बंद असली तरी आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं, परदेशी फोनवर सगळेच ओरडायचे. शेठचं पहिलं वाक्य काय असतं, "आप्पाजी कैसे हैं?", हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, आणि तरीही काय सांगायचं ते आम्ही आदल्या दिवशी ठरवलं नव्हतं. पेट्या ठरवल्या होत्या, भाव ठरवला होता, बोट ठरवली होती. हे ठरवलं नव्हतं.

अण्णानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तो बराच वेळ बघत राहिला असं मला वाटतं, पण तसं नसणार, कारण मिनिट व्हायचं होतं आणि नेमकं तेवढ्यात ते झालं. माझं बोट वर गेलं. मी दुसरं काहीच केलं नाही. मिनिट झालं म्हणून बोट वर केलं.

"मजे में हैं शेठ," अण्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "एकदम मजे में."

मग पेट्या, भाव, बोट. तीन बोटांच्या आत काम झालं. मीटरच्या यंत्रातून कर्रर्र करत पावती बाहेर आली. पोवार खाली बघून चपलेच्या टोकानं फरशीवरचा गूळ खरवडत होते. आम्ही त्यांच्यासमोरून निघालो तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. पोवारांनी पुढं आयुष्यात आमची शंभर वेळा चेष्टा केली असेल, पण हा विषय कधी काढला नाही. त्यांनी काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आई दारातच होती. "सांगिटलं?"

"सांगितलं," अण्णा म्हणाला. "वाईट वाटलं म्हणाले. फार वाईट वाटलं."

"पाणी घेतलं असंल बिचाऱ्यानं," आई म्हणाली. "तिकडं बर्फ असतोय म्हणं. थंड घेऊ नगं म्हणून सांगिटलं न्हाईसा?"

महिन्याभरानं पुडकं आलं. आईनंच उघडलं. तपकिरी रंगाचा मफलर. ती तो हातात धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"ह्यो कुणाला?"

मला आठवतं, मी म्हणालो की आधीच निघाला असेल, टपालाला वेळ लागतो. मी तारखांचा हिशेबही मांडायला लागलो. आईनं मला थांबवलं नाही. मी आपोआप थांबलो. मग अण्णानं सगळं सांगितलं. फोनचा दर सांगितला, सांगायला बसलो असतो तर काय झालं, कसं झालं, किती वेळ गेला असता ते सांगितलं, बाकावर बसलेले दुसरे व्यापारी सांगितले. आई ऐकत होती.

"मेलेल्या माणसाला मेलं म्हणायला किती लागतंय?" तिनं विचारलं. "धा रुपये? ईस रुपये? मी दिलं असतं की. माझ्याकडं हुतं."

तिनं मफलरची घडी घातली.

"परकी माणसं पाणी घेऊन गेली. त्यो एकलाच दोस्त, आणि त्येला पाणी बी घेऊ दिलं न्हाईसा."

तिनं मफलर आप्पांच्या ट्रंकेत ठेवला. डांबरगोळ्या टाकल्या.

त्यानंतर आम्ही सांगू शकलो असतो. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात. मी अनेकदा ही बेरीज करून बघितली आहे. पहिल्या दिवशी फक्त आप्पा गेले एवढंच सांगायचं होतं. महिन्याभरानं त्यात आम्ही खोटं बोललो हे मिळालं. हंगाम संपेपर्यंत खोटं बोलून माल विकला हेही मिळालं. रक्कम वाढत गेली आणि चुकती करायचा दिवस आम्ही पुढं ढकलत गेलो. आणखीही एक होतं. शेठ माल आप्पांच्या शब्दावर घ्यायचे. रंग, चव, पाक, सगळं आप्पा सांगतील ते. आप्पा नाहीत म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडूनच का घ्यावा? पोवारांचा गूळ काही वाईट नव्हता. हे कारण अण्णानं आईला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही ते एकमेकांनाही कधी बोलून दाखवलं नाही. फोनचा दर होता ना सांगायला.

पुढच्या हंगामात अण्णानं अनामत भरली आणि घरातल्या फोनवर परदेशाची सोय करून घेतली. आता बाकावर बसायला नको, असं तो म्हणाला. खरं म्हणजे आता तिथं बसवत नव्हतं. घड्याळ घेऊन मी तसाच उभा. आप्पांची तब्येत शेठ विचारत राहिले आणि आम्ही ती वाढवत गेलो. आप्पा गावाकडं गेलेत. आप्पा झोपलेत. आप्पांना आता ऐकायला कमी येतं. हे शेवटचं अण्णाच्या तोंडून गेलं आणि त्याला वाटलं, आता मिटलं.

शेठ तिकडून हसले. "अरे, तो मैं जोर से बोलूंगा! फोन दो उनको."

अण्णाच्या हातातला रिसीव्हर कानापासून लांब होता. कुणाला द्यायचा हे न सुचून तो तसाच हवेत धरून राहिला. आणि शेठ ओरडले. "आप्पाजी! ओ आप्पाजी! सुनाई देता है? मैं कांती!" आवाज खोलीभर झाला. "आप्पाजी! घुटना कैसा है?"

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. शेठनं तीन-चारदा हाक मारली. अण्णानं रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, "हां. सुनते हैं. हंसते हैं." मी मूठ मिटली. त्यानं ठेवला.

आई आमच्याकडं बघत होती. तिच्या कपाळावर काही नव्हतं.

"मग कुंकू लावू का आता?" ती म्हणाली. "जितं हाईत म्हणताय तर लावतो की. हळदीकुंकवाला जातो. सांगा."

अण्णा उठून बाहेर गेला. मी तिथंच उभा होतो, हातात घड्याळ. ते घड्याळ कुठं ठेवावं हेही मला कळेना.

ट्रंकेतले मफलर वाढत गेले. करडा, निळा, हिरव्या रेघांचा. एका वर्षी थंडी फार पडली तेव्हा अण्णा म्हणाला, पडून खराब होतात, वापरू या का. आईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

मग दोन हजार साल उलटलं आणि फोनचे दर उतरायला लागले. आधी थोडे, मग पाहता पाहता इतके, की जुनी बिलं दाखवली तर पोरं हसायची. कार्डं निघाली, मोबाइल आले. यार्डाच्या दाराशी होतं त्या बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन बसलं. बोलणं स्वस्त झालं म्हणजे आमच्यासारख्यांचा धंदा सुधारेल असा माझा हिशेब होता. तो चुकला. बोलणं महाग होतं तेव्हा शेठ मोजकेच फोन घ्यायचे आणि माल बहुतेक आमच्याकडूनच उचलायचे. स्वस्त झाल्यावर तिकडचा माणूस सकाळी बसून यार्डातल्या पाच जणांना फोन लावून पाच भाव घेऊ लागला आणि ज्याचा सर्वांत कमी त्याचा माल. आठ आणे सुटत होते तिथं चार आणे सुटेनात. पोवार म्हणाले, "बघा, आता भाव ऐकायला बाकावर बसायला नगं. त्योच फोन करून सांगतोय."

आई मात्र एवढंच म्हणाली, "स्वस्त झालं न्हवं आता? मग सांगा." हे तिनं एकदाच म्हटलं. आम्ही म्हणालो, बघू, ह्या हंगामात सांगू.

फोनवर आता शेठचा मुलगा असायचा. तो इंग्रजी आणि हिंदी मिसळून भरभर बोलायचा, चौकशी वगैरे करायचा नाही. मला त्यात सुटल्यासारखं वाटायचं. मग एका हंगामात मफलर आला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आईच्या आलं. "औंदा पुडकं न्हाय आलं," ती दोनदा-तीनदा म्हणाली.

त्यानंतर एके दिवशी दुपारी शेठच्या मुलाचा फोन आला. नवा फोन होता, अण्णानं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता. दराचं बोलणं झालं. ठेवायच्या आधी अण्णा म्हणाला, "शेठ कैसे हैं?"

पलीकडं जरा शांतता. अगदी थोडी. घड्याळ लावायची सवय असल्याशिवाय ती कळली नसती.

"पापा? फाइन. एकदम फाइन. अंकल, वो पचास पेटी का कन्फर्म कर दो ना."

अण्णानं कन्फर्म केलं. फोन ठेवला. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. तो आवाज आम्हाला चांगला ओळखीचा होता.

"गेला म्हण की त्यो," आई म्हणाली.

"अगं, फाइन म्हणाला की," अण्णा म्हणाला. "बरे आहेत म्हणाला."

"तू बी तसंच म्हणालतास."

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. न्हाणीत गेली. बंबातलं पाणी नको म्हणाली, थंडच घेतलं. नऊवारीसकट डोक्यावरून घेतलेल्या पाण्याचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत येत होता. वहिनी घाबरून धावत आली, "काय झालं? कोण गेलं?" तिला काय सांगायचं? कुणी गेलं असं कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आई ओलेत्यानं दारात आली. केस गळत होते. म्हणाली, "तुमी बी घ्या. त्येनं तुमच्या बापाला हाका मारल्यात. चार तांबे घ्या त्येच्यासाठी."

पाणी घ्यायचं म्हणजे तो मुलगा खोटं बोलला हे धरायचं, आणि तो खोटं का बोलला हे आम्हालाच माहीत असल्याचं कबूल करायचं. न घ्यावं तर आईसमोर उभं कसं राहायचं? आधी अण्णा गेला. मग मी. माघातलं पाणी होतं. डोक्यावर तांब्या पालथा केला तेव्हा माझ्या मनात शेठ आले नाहीत, हे खरं सांगतो. बूथची काच आली, तिच्यात दिसणारं माझं भादरलेलं डोकं आणि वर गेलेलं बोट.

शेठ खरंच गेले होते का, हे आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. पुढं तो मुलगा दुसरीकडून माल घेऊ लागला आणि फोन थांबले. विचारायला आता एक पैसा पडत नाही. आम्ही विचारलेलं नाही.

परवा पाडव्याला करंज्या, हसणं, सगळं झाल्यावर कुणाल म्हणाला, "काका, आपल्या गुळाचे जुने शेठ इकडं होते ना? गाव कुठलं त्यांचं?" अण्णानं गाव सांगितलं. "ते तर जवळ आहे. ट्रेननं तासभर. येत्या रविवारी जाऊन येऊ? तुम्ही सांगा काय सांगायचं ते."

अण्णानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

माझं बोट वर होतं. कधी गेलं मला माहीत नाही.

"लांब पडतंय रे," अण्णा म्हणाला. "थंडीचं कशाला. बघू पुढं."

"जा बाळा," आई मागून म्हणाली. ती पुढं आली, कॉम्प्युटरच्या अगदी जवळ. "जाऊन ये. सांग म्हणावं, आमचा आजा वारलाय. शेठ असतील तर त्येंच्या कानात सांग, नसतील तर पोराला सांग. आणि कधी वारला म्हणून इचारलं, तर ह्या दोघांस्नी लावून दे."

"व्हिडिओच लावतो की आजी," कुणाल म्हणाला. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. "सगळेच दिसतील."

फोनवर तोंड दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी एवढे आकडे मांडले, पण हा फायदा कधी हिशेबात धरला नव्हता.

आज शुक्रवार. आईनं सकाळीच ट्रंक उघडून मफलर गच्चीवर उन्हात घातले आहेत. दोरी अपुरी पडली म्हणून दोन कठड्यावर टाकलेत. घरभर डांबरगोळ्यांचा वास आहे, गुळाचा येतच नाही. अण्णा दोनदा पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरसमोरच्या खुर्च्यांकडं बघून गेला. तिथं दोनच खुर्च्या मावतात. कॅमेऱ्याच्या अगदी समोरच्या खुर्चीत कुणी बसायचं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.